चटणीच्या तीन वाट्या आणि ठाणे-नवी मुंबईतले चार दिवस

गडहिंग्लजला आमचा कांदा-लसूण चटणीचा छोटा कारखाना आहे. मिरची कुटायचे दोन डंक, एक भट्टी, वाळवणाची गच्ची आणि अकरा बायका. सासूबाईंनी घरच्या पाट्यावर सुरू केलेलं काम आज इथवर आलंय. गेली तीन वर्षं आमचा निम्मा माल ठाणे-नवी मुंबईकडे जातो, खानावळींना आणि पोळीभाजी केंद्रांना. इथून पुड्या भरून पाठवायच्या तर खोक्यांत निम्मी हवाच जाते, शिवाय वाटेत पुड्या फुटतात. म्हणून तिकडं एक जागा घ्यायचं ठरलं आणि ती कुठं, यावर घरात दोन महिने वाद झाले.

राजू भावजींचं मत भिवंडी, कारण भाडं कमी. ह्यांचं मत वाशी मार्केटच्या शेजारी, कारण नाव मोठं. मी म्हटलं, बघितल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि भावजी निघालो. निघताना आईंनी (सासूबाईंना आम्ही आईच म्हणतो) पिशवीत एक किलो ताजी चटणी आणि स्टीलच्या तीन वाट्या घातल्या. "जागा पावसातच बघायची. उन्हाळ्यात गोठापण कोरडा असतोय. पसंत पडेल तिथं वाटीत चटणी घालून उघडी ठेवा आणि नंतर बोट घालून बघा."

चटणीतलं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग गाठी होतात. गाठी झालेला माल गिऱ्हाईक परत करतं. आईंनी दिलेलं हे सगळ्यात स्वस्त यंत्र होतं.

पहिला दिवस: कळवा आणि वागळे इस्टेट

महालक्ष्मीनं पहाटे कल्याण, तिथून लोकलनं कळवा. वन्संचं घर कळव्यातच. आंघोळ-चहा उरकून ठाण्यात आलो आणि आधी मामलेदार मिसळ खाल्ली. मी तिखटाच्या धंद्यातली बाई, पण पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. भावजींनी दोनदा पाव मागवला.

वागळेला जाताना रिक्षावाल्या दादांनी रस्त्याची खूण सांगितली ती नितीन कंपनीची. ठाण्यात हे जागोजागी ऐकू येतं: नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज. नाक्यानाक्याला कारखान्यांची नावं आहेत आणि आसपास बघावं तर इमारती, मॉल, उड्डाणपूल. १९६२ साली एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झालं आणि त्याची पहिली औद्योगिक वसाहत म्हणजे हे वागळे इस्टेट. मुंबई शेजारी, रेल्वे जवळ, आग्रा रोड हाताशी आणि त्या काळी मोकळी जमीन. कारखान्यांना याहून काय हवं होतं! कारखाने आले, मागोमाग कामगार आले, त्यांच्यासाठी घरं आली आणि शेवटी घरांनी जमिनीचा भाव इतका वाढवला की बऱ्याच कारखान्यांना इथं थांबणं परवडेना.

रोड नंबर १६ च्या बाजूला एका जुन्या इंडस्ट्रियल सोसायटीत गाळा बघायचा होता. एजंटनं फोनवर १००० चौरस फूट सांगितलेलं. भावजींनी खिशातून टेप काढून मापलं, आत ६४० भरलं. बाकीचं म्हणे जिना, पॅसेज आणि सोसायटीचा वाटा. त्या माणसानं दिवसभरात एकदाही नजर मिळवून बोलणं केलं नाही, मला त्याचा फार राग आला. दोनशे मैलांवरून आलेल्या माणसाला आधीच खरं सांगायला काय जातं?

पण त्याच मजल्यावर लेथचा वर्कशॉप चालवणारे एक काका भेटले आणि दिवस वाया गेला नाही. साठीच्या पुढचे, हाताला ऑइल, भिंतीवर विठ्ठलाचं कॅलेंडर. शेजारच्या दोन गाळ्यांत आता कॉम्प्युटरवाली ऑफिसं आहेत. मी विचारलं, "काका, तुम्ही का नाही गेलात? अंबरनाथला, मुरबाडला स्वस्तात जागा मिळाली असती की."

त्यांनी हातातला शाफ्ट खाली ठेवला. "हा बघा, मी टर्निंग करतो. की-वे पाडणारा समोरच्या गाळ्यात. हार्डनिंगवाला मागच्या गल्लीत. ग्राइंडिंगवाला खाली. सकाळी आलेलं काम संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हातात जातं. मी एकटा मुरबाडला गेलो तर या तिघांना उचलून न्यावं लागेल."

भाड्याच्या कागदावर हे कुठं लिहिलेलं असतं? मला तर वाटतं, छोट्या उद्योगाची निम्मी यंत्रसामग्री शेजाऱ्याच्या गाळ्यात असते.

आमच्या भट्टीचं विचारल्यावर मात्र काकांनी नुसतं वर बोट दाखवलं. पलीकडच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, एक आजी मूल घेऊन उभी होती. मिरची भाजायला घेतली की ठसका कुठवर जातो हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या आजीच्या नाकात आमची मिरची जायला नको.

रात्री वन्संच्या मुलीनं, म्हणजे आमच्या भाचीनं, हा प्रश्न हातात घेतला. ती कॉलेजात भूगोल शिकते. वर्तमानपत्राच्या कडेला तिनं एक त्रिकोण काढला. "मामी, आल्फ्रेड वेबर नावाच्या जर्मन माणसानं १९०९ साली हेच मांडलंय. कच्चा माल कुठं, गिऱ्हाईक कुठं, आणि मधे वजन किती घटतं. वजन घटत असेल तर कारखाना कच्च्या मालाकडे ओढला जातो, नाही तर गिऱ्हाइकाकडे. साखर कारखाने उसाच्या फडाशेजारी का असतात, सांग."

मी तिला आमचा हिशोब सांगितला. शंभर किलो कांदा वाळवला की दहा-बारा किलो उरतो, बाकी सगळं पाणी. संकेश्वरी मिरचीचे देठ काढले की तेही वजन जातं. ती हसली आणि पेन्सिलीनं गडहिंग्लजवर गोल केला. मग इतके दिवस आम्ही भट्टीसकट जागा का शोधत होतो? भाजणं-कुटणं घरीच राहू दे. तयार चटणी पन्नास किलोच्या पोत्यांत आतून जाड पिशवी घालून आणायची आणि इथं फक्त पुड्या भरायच्या. वन्सं म्हणाल्या, "मग धूर नाही, ठसका नाही, डंकाचा आवाज नाही." एका रात्रीत आमची गरज निम्म्यावर आली. वागळेचं भाडं मात्र तरीही ऑफिसांच्या दरानं होतं, ते पुडीच्या धंद्याला पेलणारं नव्हतं.

*जाणाऱ्यांसाठी:* टेप स्वतःची न्या आणि "कार्पेट (भिंतींच्या आतली जागा) किती?" हा प्रश्न पहिला विचारा. आपल्या कामातलं नेमकं काय हलवायचंय ते घरीच ठरवून निघा, आमचा पहिला दिवस त्यातच गेला.

दुसरा दिवस: रबाळे, महापे, तुर्भे

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं. एका हाताला खाडीकडची वस्ती, दुसऱ्या हाताला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्याच्या पलीकडे पारसिकच्या डोंगरापर्यंत पसरलेली टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक, म्हणजे ठाणे खाडीपलीकडची) एमआयडीसी. पाऊस असा की डोंगर दिसेना.

रबाळ्याला उतरून रस्ता ओलांडला की एमआयडीसी सुरू होते. आधी नजरेत भरतात त्या बिनखिडक्यांच्या उंच इमारती. मला वाटलं कोल्ड स्टोरेज असेल. टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "डेटा सेंटर हाय ते. मानसं कमी, एसीच जास्त." ती इथं का, हे मी नंतर समजून घेतलं. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार मुंबईत, आणि अशा इमारतीला अखंड लागणारी भरपूर वीज या पट्ट्यात मिळते. त्यांच्या कच्च्या मालाला वजनच नाही, म्हणून ते विजेच्या आणि केबलीच्या मागं जातात. आमच्यासारखेच, फक्त ओढ वेगळी.

मावशी रबाळे गावच्या, आगरी. चहा गाळता गाळता बोलत होत्या. सासऱ्यांची भातशेती होती ती कंपन्यांच्या जागेत गेली, आता नातू त्यातल्याच एका कंपनीत सुपरवायझर आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० साली सिडको हे सरकारी महामंडळ आलं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ साली उरण तालुक्यातल्या जासईचं आंदोलन झालं, पाच माणसं गोळीबारात गेली, आणि त्यातूनच पुढं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. एखाद्या जागी उद्योग कसा येतो हे सांगताना रस्ता, पाणी, वीज सगळे मोजतात. ज्यांची खाचरं त्याखाली गेली त्यांचं नाव घेतल्याशिवाय तो हिशोब पुरा होत नाही, असं मला मनापासून वाटतं. मावशींनी चहाचे पैसे घेतले नाहीत. मी त्यांना पावशेर चटणी दिली.

गाळ्याचे मालक स्वतः आले होते. साधा माणूस, आधी त्याच गाळ्यात प्लास्टिकचं मोल्डिंग करायचे. तळमजल्यावर एक गाळा आणि पहिल्या मजल्यावर एक, असे दोन रिकामे. तळमजल्याचा स्वस्त, टेम्पो थेट शटरला लागतो. भावजी खूश झाले. मी भिंत बघत होते. जमिनीपासून वीतभर वर एक पिवळट रेघ सगळ्या भिंतींवर गेलेली. मालकांनी लपवलं नाही: "पारसिकचं पाणी येतं हो. नाला तुंबला की तासभर आत राहतं." वरचा गाळा कोरडा, पूर्व-पश्चिम खिडक्या, मालाची लिफ्ट चालू. दोन्हीकडे एकेक वाटी ठेवली आणि परवा येतो म्हणून सांगितलं.

शेजारी कोण, हेही विचारलं. एका बाजूला छपाईचा कारखाना, दुसऱ्या बाजूला कुलूपबंद गोदाम. हे आमच्यासाठी फार महत्त्वाचं. मसाला शेजारचा वास धरतो, आणि अन्नपदार्थाची जागा प्रदूषणापासून दूर असावी असं लायसन्सच्या नियमांतही आहे. एजंटनं पावण्यात आणि तळोज्यातही जागा सुचवल्या होत्या, दोन्हीकडे शेजारी केमिकल कंपन्या. त्या आम्ही बघायलाच गेलो नाही.

त्याचं आणखी एक पालुपद होतं: "ताई, अटल सेतू झालाय, विमानतळ जवळ, भाव वाढणारच." अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा, अभिमानाचीच गोष्ट आहे. ज्यांचा माल न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातो त्यांनी त्या बाजूला जरूर जागा घ्यावी. पण आमचा टेम्पो एक्सप्रेसवेनं कळंबोलीला उतरतो आणि सरळ तुर्भ्याकडे वळतो. जी सोय आपण वापरणार नाही तिचं भाडं आपण का भरायचं?

दुपारनंतर तुर्भ्याचा मसाला मार्केट. आत पाऊल टाकलं आणि मी जागीच उभी राहिले. धणे, लवंग, तमालपत्र, सुकं खोबरं, मिरची, सगळ्यांचा एकत्र वास, पावसाळी हवेत जड झालेला. हमाल पाठीवर पोती घेऊन "बाजू बाजू" करत पळत होते. ज्यांच्याकडून आम्ही दगडफूल आणि नाकेश्वर घेतो ते शेठ पूर्वी मशीद बंदरला होते. तिथल्या गल्ल्यांत ट्रक वळेना, मुंबईची कोंडी वाढली, म्हणून सरकारनं घाऊक बाजार खाडीपलीकडे हलवले. "आमचे वडील रडले होते, इथं चिखल होता नुसता," शेठ म्हणाले. शेजारच्या धान्य बाजाराला आजही सगळे दाणाबंदरच म्हणतात, जवळ बंदर नसलं तरी. ठाण्यातल्या नाक्यांची आठवण झाली.

एक हमालदादा पोतं उतरवून पाणी प्यायला थांबले. बोलीवरून ओळखलं, पाटणकडचे. माथाडी कामगार, म्हणजे हे ओझी वाहणारे, बहुतेक सातारा-सांगलीचे, आणि बाजार इकडं आल्यावर त्यांची घरं घणसोली-कोपरखैरण्यात झाली. मी पिशवीतली चटणी काढून हातावर दिली. त्यांनी चाटली आणि म्हणाले, "आमच्या मंडळीला द्या थोडी. गावाकडनं वर्षातनं एकदा येती, संपली की मग पाकिटातली घ्यायची."

परतीच्या लोकलमध्ये मी भावजींना म्हटलं, आपलं गिऱ्हाईक रबाळ्यापासून एक-दोन स्टेशनांवर राहतंय.

*जाणाऱ्यांसाठी:* भिंतीवर पाण्याची रेघ आहे का बघा. नवा रंग दिसला तर जास्तच लक्ष द्या. मंजूर वीजभार किती आणि थ्री-फेज आहे का हे बिलावर बघा, तोंडी ऐकू नका. पाणी एमआयडीसीचं (बारवी धरणाचं) थेट नळाला येतं की टँकरनं, तेही विचारा.

तिसरा दिवस: भिवंडी

भावजींच्या समाधानासाठी भिवंडी बघायचीच होती, आणि बघितली ते बरं झालं. कळव्याहून काल्हेर-माणकोलीच्या बाजूला पोचायला सकाळी दीड तास लागला. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, मधे आमची रिक्षा.

पण गोदामं बघून छाती दडपते. तीस-तीस फूट उंच, आत रॅकवर रॅक, एकेका शटरला ट्रक पाठ लावून उभा. मिरजेकडचा एक तरुण सुपरवायझर ओळखीनं भेटला आणि त्यानं या गोदामांचं गुपित सांगितलं. मुंबईत जकात होती. माल शहरात शिरला की जकात भरायची, मग तो विकला जावो न जावो. म्हणून माल हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या गावांत उतरवायचा आणि लागेल तसा टेम्पोनं आत न्यायचा. नाशिकचा रस्ता, गुजरातचा रस्ता, मुंबई, सगळं हाताशी. त्यात परराज्यातल्या विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात डेपो ठेवायच्या, महाराष्ट्राचा डेपो हमखास इथं.

"पण २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, जकात गेली. मग गोदामं का नाही गेली?" मी विचारलं.

"ताई, तोवर ट्रान्सपोर्टवाले इथं, हमाल इथं, परतीचं भाडं इथं. उलट जीएसटीनंतर छोटे डेपो बंद करून कंपन्यांनी एकच मोठं गोदाम घेतलं, तेही इथंच."

एका करापायी गाव बदललं आणि कर गेल्यावरही गाव तसंच राहिलं. वागळेचे लेथवाले काका आठवले.

तिसरी वाटी त्याच्या टेबलावर ठेवली, सकाळी अकराला. तोवर एका आगरी खानावळीत जेवलो: तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण, भात. पावसात होड्या बंद, म्हणून सुकी मच्छी. कालवणात कोकमाचा आंबटपणा असा बसला होता की मी मालकिणीला विचारून वहीत लिहून घेतलं. जेवताना भावजींनी स्वतःच विषय काढला. "वहिनी, इथं बायका कामाला येणार कशा?" खानावळीच्या मालकिणीनं उत्तर दिलं: स्टेशन लांब, शेअर रिक्षा, आणि संध्याकाळी सातनंतर गोदामाच्या रस्त्यांना बाईमाणूस चालत नाही. आमचं सगळं काम बायकांच्या हातांवर. जागेच्या भाड्यात वाचलेले पैसे त्यांच्या रिक्षात आणि भीतीत जाणार असतील तर ती जागा स्वस्त कशी?

चार वाजता वाटी बघितली. शटर दिवसभर उघडं, पावसाचे शिंतोडे, ट्रकची वाफ. पाच तासांत चटणीचा वरचा थर ओला दिसत होता, बोटाला चिकटला. खोक्यांच्या मालाला त्या हवेनं काही होत नाही, आमच्या मालाला होतं. भावजींनी वाटी तशीच झाकून पिशवीत ठेवली आणि पुन्हा भिवंडीचं नाव काढलं नाही.

चौथा दिवस: पुन्हा रबाळे

या दिवशी मुद्दाम संध्याकाळी गेलो, साडेपाचला. पाळी सुटली होती. गाळ्यापासून स्टेशनपर्यंत मी घड्याळ लावून चालले, अकरा मिनिटं, छत्री सांभाळत. रस्त्याला दिवे, टपऱ्या उघड्या, बायकांचे घोळके पर्स सावरत स्टेशनकडे. त्यांतल्या दोघींशी बोलले. एक घणसोलीची, मूळची वाईकडची, पॅकिंगच्या कामाचा सहा वर्षांचा अनुभव. तिनं मला उलट विचारलं, "पगार किती तारखेला देता?"

वाट्या मालकांच्या समक्ष बघितल्या. तळमजल्यावरची काळपट झाली होती, चमचा घातला तर अख्खा गोळा उचलला गेला. वरच्या गाळ्यातली कडेला जराशी धरली होती, चिमटीत घेतली तर सुटली. त्याच वाटीतली मधली चटणी तशीच मोकळी, लाल. मी नाकाशी धरली. लसूण लसणाच्या जागी होता. मालकांनीही वास घेतला आणि म्हणाले, "अशी परीक्षा माझ्या गाळ्याची कुणी घेतली नव्हती."

*जाणाऱ्यांसाठी:* जागा दोनदा बघा, एकदा माल येण्याच्या वेळी, एकदा माणसं सुटण्याच्या वेळी. मालाची लिफ्ट किती किलोची आणि बंद पडली तर दुरुस्ती कोण करतं, हे करारात लिहून घ्या. वजनदार गाड्यांना ठाण्यात गर्दीच्या वेळी बंदी असते, त्या वेळा ट्रान्सपोर्टवाल्याकडून आधीच समजून घ्या.

रात्रीच्या गाडीनं परत. घरी पोचल्यावर तिन्ही वाट्या आईंसमोर मांडल्या आणि कुठली कुठली ते सांगितलं नाही. त्यांनी एकेकीत बोट घातलं आणि वरच्या गाळ्यातली वाटी आपल्याकडे ओढली. मग सगळं ऐकून घेतलं: त्रिकोण, जकात, माथाडी, अकरा मिनिटं. शेवटी विचारलं, "तिथं बायका डबा कुठं बसून खाणार? आणि हात कुठं धुणार? मिरचीचे हात हायत."

हे मी बघितलं नव्हतं. तिथूनच मालकांना फोन लावला. ते म्हणाले, मागच्या बाजूला खिडकीखाली मोकळी जागा आहे, मोरी आणि दोन नळ काढून देतो. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यांना सांगितलं, "दोन नको, तीन काढा."